सुट्ट्या बरगडीवर खरी-खोटी कुठे दिसते?

चोपडा_ते_धुळे:
नमस्कार. मी धुळ्यात बीएएमएसच्या, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीच्या, पहिल्या वर्षाला आहे. रचना शारीरची (ॲनाटॉमीची) तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे आणि माझं घोडं बरगड्यांवर अडलंय.

बोन सेट, म्हणजे अभ्यासाची खरी हाडं, सीनियर ताईकडून घेतला. तिने तिच्या सीनियरकडून घेतला होता, म्हणजे किती हातांतून फिरलाय देव जाणे. सुट्टीत गावी आणला तर आजीने खोक्यात डोकावून विचारलं, "ह्या हाडका कोना शेतस व माय?" (ही हाडं कुणाची आहेत गं बाई?) आणि उत्तर ऐकायच्या आधीच घरात नको म्हणून सांगितलं. त्यामुळे सेट केळीच्या खोक्यात भरून गच्चीवरच्या खोलीत, आणि मीही तिथेच. वर पत्रे, एप्रिल महिना. असो.

पुस्तकात दिलंय की बरगड्यांच्या १२ जोड्या. १ ते ७ खऱ्या, ८ ते १२ खोट्या, खोट्यांपैकी ११ आणि १२ तरंगत्या. पान उलटलं की ३ ते ९ टिपिकल आणि १, २, १०, ११, १२ अटिपिकल. पाठ आहे सगळं. पण सातवी खरी आणि आठवी खोटी, तर दोघींत फरक काय? मला त्यातल्या त्यात सातवी-आठवी वाटणारी दोन हाडं शेजारी ठेवून डोळे दुखेपर्यंत बघितली. मला तर दोन्ही बहिणी-बहिणी दिसतात. आणि आठवी एकीकडे खोटी आणि दुसरीकडे टिपिकल, हे कसं काय?

मागच्या परीक्षेत एक बरगडी हातात देऊन "कुठल्या बाजूची, कितवी, खरी की खोटी" असं एका दमात विचारलं होतं. माझ्या पुढच्या मुलीला तिथेच रडू फुटलं. कुणी समजावून सांगेल का? पाठांतराची वाक्यं नकोत, ती माझ्याकडे भरपूर आहेत.

शेवभाजी_प्रेमी:
मी कॉमर्सवाला, माझं काही खरं धरू नका. पण पुरुषाला एक बरगडी कमी असते ना? मोजून टाका, सेट बाईचा की पुरुषाचा ते तरी कळेल.

नानासर_अमळनेर:
शेवभाजी, तू शेवभाजीच खा. बाईला २४, पुरुषाला २४.

आता पोरी, तुझं बघू. मी अमळनेरचा. नोकरीभर शरीररचना शिकवली, आता शेत आणि नातवंडं. तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण तुझे डोळे बरोबर आहेत आणि पुस्तकाने तुला सांगायची ती गोष्ट सांगितलेली नाही. सातवी-आठवीतला खरी-खोटी हा फरक त्या हाडांवर नाहीच. शोधणं थांबव.

खरी की खोटी हे बरगडीच्या पुढच्या टोकाला काय जोडलंय त्यावर ठरतं. जोडलेली असते ती कूर्चा, म्हणजे कार्टिलेज, मऊ नि लवचिक. सेट तयार करताना हाडं स्वच्छ करून वाळवतात, तेव्हा कूर्चा निघून जाते. मागे उरतो टोकावरचा एक खोलगट खड्डा, आणि तो सातवीलाही असतो नि आठवीलाही. म्हणजे ज्याच्यावरून वर्गीकरण केलं तीच वस्तू तुझ्या खोक्यात नाही.

बघायचंच असेल तर स्वतःच्या अंगावर बघ. छातीच्या मधल्या हाडाच्या, म्हणजे स्टर्नमच्या, खालच्या टोकाशी बोट ठेव आणि कडेकडेने बाहेर-खाली सरकव. जी कमान हाताला लागते ती सातवी ते दहावीच्या कूर्चांची मिळून झालेली. आठवीची कूर्चा जाऊन सातवीच्या कूर्चेला मिळते, नववीची आठवीच्या, दहावीची नववीच्या. स्टर्नमपर्यंत त्या पोचतात, पण वरचीच्या ओळखीने. पहिल्या सातजणी आपापल्या कूर्चेवर थेट जातात. अकरावी-बारावी कुणाच्याच दारात जात नाहीत, त्यांची टोकं पोटाच्या भिंतीच्या स्नायूंत संपतात. आणि हा नियमही दगडावरची रेघ नाही. एखाद्याची आठवीसुद्धा थेट स्टर्नमला टेकलेली सापडते, एखाद्याची दहावी सुटीच राहिलेली असते.

टिपिकल-अटिपिकल हा निराळा हिशोब. तो हाडाच्या घडणीवरून केलाय, त्यातही जास्त करून मागच्या टोकावरून. मधली कुठलीही एक बरगडी घे आणि हेडपासून, म्हणजे मागच्या टोकापासून, बोट फिरवत पुढे ये. हेडवर दोन फॅसेट, म्हणजे दुसरं हाड टेकायच्या गुळगुळीत जागा, मध्ये एक बारीक धार. खालचा मोठा फॅसेट आपल्याच नंबरच्या मणक्याला लागतो, वरचा लहान त्याच्या वरच्या मणक्याला, आणि मधली धार दोघांमधल्या चकतीला बांधलेली. पाचवी बरगडी म्हणून पाचव्या मणक्यालाही धरून असते आणि चौथ्यालाही. पुढे नेक, म्हणजे मान. मग ट्यूबर्कल, म्हणजे उंचवटा, त्यावर पुन्हा एक फॅसेट, तो आपल्याच नंबरच्या मणक्याच्या आडव्या फाट्याला टेकतो. त्यानंतर बरगडी एका जागी मुरडते, तो अँगल. हे सगळं जिच्यात आहे ती टिपिकल. आठवीत सगळं आहे, मग ती टिपिकल. पुढे तिची कूर्चा कुणाच्या आधाराने जाते याच्याशी मागच्या टोकाला काय देणंघेणं? एक वर्गीकरण पुढून केलेलं, एक मागून. त्यांचे आकडे जुळत नाहीत यात नवल काहीच नाही, नवल आहे ते पुस्तकं दोन्ही याद्या लागोपाठ छापून गप्प बसतात याचं.

मुलांना मी एवढंच सांगत असे: हाडावर गुळगुळीत जागा दिसली तर तिथं दुसरं हाड टेकलेलं होतं, खडबडीत दिसली तर तिथं स्नायू किंवा बंध ओढत होता, आणि खाच दिसली तर तिथून काहीतरी जात होतं. प्रत्येक खुणेला विचार, इथं कोण होतं? नावं मागाहून पाठ होतात.

बाजू ओळखायची घाई करू नकोस. हेड मागे, पोकळ अंग आत, धारदार कड खाली. धारदार कडेच्या आतल्या अंगाला जी पन्हळ दिसते ती कॉस्टल ग्रूव्ह. तिच्यात वरून खाली व्हेन, आर्टरी, नर्व्ह अशा क्रमाने चालतात. छातीतलं पाणी काढताना सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात, ती याच कारणाने. हे स्वतःहून सांगितलंस तर परीक्षक खूश होतो. (परीक्षक खूश होणं हाही अभ्यासाचा भाग आहे.)

नंबर लावताना आधी नग वेगळे काढ. सगळ्यांत वाकडी, आखूड, रुंद आणि चपटी ती पहिली. बाकीच्यांची अंगं आत-बाहेर, हिची वर-खाली. हेडवर एकच फॅसेट. वरच्या अंगावर दोन उथळ खाचा आणि त्यांच्यामध्ये आतल्या कडेला एक उंचवटा, स्केलिन ट्यूबर्कल. पुढच्या खाचेतून सबक्लेव्हियन व्हेन, मागच्या खाचेतून सबक्लेव्हियन आर्टरी आणि हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याचा खालचा बुंधा. दुसरी साधारण पहिलीच्या दुप्पट लांब, बाहेरच्या अंगावर सेरेटस अँटेरियर या स्नायूचा खडबडीत फुगवटा. दुसरीची आणखी एक गंमत म्हणजे तिला पीळ नाही. टेबलावर ठेवलीस तर दोन्ही टोकं टेकतात. टिपिकल बरगडी खालच्या कडेवर ठेवून बघ, अँगलच्या मागचा भाग वर उचललेलाच राहील.

अकरावी-बारावीला नेक नाही, ट्यूबर्कल नाही, हेडवर एकच फॅसेट, पुढचं टोक निमुळतं. अकरावीला अँगल नि ग्रूव्ह पुसटसे असतात, बारावीला तेही नाहीत. बारावी कधी कधी पहिलीपेक्षाही आखूड निघते, म्हणून नुसत्या लांबीवर जाऊ नकोस. दहावी दिसायला टिपिकलसारखीच, पण हेडवर बहुधा एकच फॅसेट.

उरल्या सात. लांबी पहिलीपासून सातवीपर्यंत वाढते, मग कमी होत जाते. त्याहून भरवशाची खूण म्हणजे ट्यूबर्कल आणि अँगलमधलं अंतर. दुसरीपासून दहावीपर्यंत ते वाढतच जातं. सुतळी लावून मोज.

चोपडा_ते_धुळे:
सर, वाचून लगेच गच्चीवर गेले. दुसरी टेबलावर खरंच सपाट बसली! मी ती इतके दिवस उलटी धरत होते.

पण दोन अडचणी. एक, माझा सेट एकाच बाजूचा, त्यात १२ हव्यात पण ११च बरगड्या आहेत, पहिली नाहीये, आणि नेक-ट्यूबर्कल नसलेल्या दोनऐवजी तीन निघाल्या. दुसरी अडचण अशी की मधल्या ज्या उरल्या त्यांतल्या काहींच्या ट्यूबर्कलवरचा फॅसेट फुगीर आहे आणि काहींचा एकदम सपाट. घासून झिजलाय का? इतक्या मुलींनी हाताळलाय म्हणून?

नानासर_अमळनेर:
तीन निघाल्या म्हणजे सेट एका माणसाचा नाही. होतं असं. पहिली लहान म्हणून ती आधी हरवते, आणि मग कुणीतरी भर म्हणून दुसऱ्या सेटमधलं काहीतरी टाकून देतो. पूर्वी आपल्याकडून ही हाडं परदेशातल्या कॉलेजांतसुद्धा जायची, १९८५ साली सरकारने निर्यात बंद केली. आता इथल्या इथे सीनियरकडून ज्युनियरकडे फिरतात. तेव्हा लांबीचा क्रम तुझ्या सेटला पुरता लागू होणार नाही. उंच माणसाची चौथी आणि ठेंगण्याची पाचवी शेजारी आली की क्रम चुकलाच. आणि आजीला सांग, कुणाची ते आम्हालाही माहीत नाही, पण कुणाची तरी आहेत हे विसरत नाही. खोक्यात खाली जुनं मऊ धोतर वगैरे घाल.

फॅसेट झिजलेले नाहीत. या प्रश्नावर मी तुला पूर्ण मार्क दिले असते. वरच्या सहा बरगड्यांचा ट्यूबर्कलवरचा फॅसेट फुगीर, आणि मणक्याच्या आडव्या फाट्यावर त्याच्यासाठी तशीच खोलगट जागा. फुगीर खोलगटात बसलं की काय होणार? फिरणार. वरची बरगडी आपल्या नेकच्या रेषेवर फिरते आणि तिचं पुढचं टोक स्टर्नमला घेऊन वर-पुढे जातं. याला पुस्तकात पंपाच्या दांड्याची हालचाल म्हणतात, आपल्या गावची हापशी डोळ्यांपुढे आण. सातवी ते दहावीचे फॅसेट सपाट. सपाटावर सपाट घसरतं. म्हणून त्या बरगड्या मधून बाहेर-वर उचलल्या जातात, ती बादलीच्या कडीची हालचाल. एक तळहात छातीच्या मधल्या हाडावर ठेव, दुसरा कुशीला खाली, आणि खोल श्वास घे. वरचा हात पुढे ढकलला जातो, खालचा बाजूला. जे हाताला कळतं ते त्या दोन प्रकारच्या फॅसेटनी घडवलेलं आहे.

माझं विचारशील तर बरगड्यांचं हे तिसरं वर्गीकरण, फिरणाऱ्या आणि घसरणाऱ्या, सगळ्यांत कामाचं. पण पुस्तकात त्याचा तक्ता नाही, म्हणून परीक्षेत कुणी विचारत नाही.

एक्सरे_भुसावळ:
नाना, मस्त. आमच्या बाजूचं थोडं जोडतो. मी फिल्म काढणारा माणूस, निदान डॉक्टर करतात, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

ताईच्या खोक्यात कूर्चा नाही तशी आमच्या फिल्मवरही नसते. स्टर्नम आणि बरगडीच्या टोकामध्ये फिल्मवर मोकळी जागा दिसते. रावेर-सावद्याकडचे केळी कापणारे मजूर येतात. घड खांद्यावर, पाय घसरतो आणि माणूस ट्रॉलीच्या फाळक्यावर कुशीवर आदळतो. घरचे फिल्म उजेडाला धरून म्हणतात, "इथून तुटली वाटतं भो, इथं तर हाडच नाही." ती कूर्चेची जागा असते. वय झालं की कूर्चेत चुना साठतो, मग म्हाताऱ्या माणसाच्या फिल्मवर ती ठिपक्या-ठिपक्यांनी दिसायला लागते.

खरा तडा शोधायचा तर बहुतेक वेळा मधल्या बरगड्यांत, अँगलच्या जरा पुढे. बरगडी सगळ्यांत जास्त वाकलेली तिथं, मोडतेही तिथं. पहिली कॉलरबोनच्या आड असते, ती मोडलेली दिसली की डॉक्टर गंभीर होतात, कारण तिला मोडायला तसाच जोराचा मार लागतो. डाव्या खालच्या बरगड्यांना मार असेल तर प्लीहा बघायला सोनोग्राफी, उजवीकडे असेल तर यकृत. आणि साध्या एक्सरेत तडा दिसला नाही म्हणजे नाहीच असं नसतं, दुखणं थांबत नसेल तर पुन्हा दाखवायचं.

मोजताना नवख्यांचा एक घोळ होतो. छातीच्या फिल्मवर बरगडीचा मागचा भाग जवळजवळ आडवा दिसतो, पुढचा भाग तिरका खाली उतरतो. मागची पाचवी मोजून झाली की तिच्याच समोर जे तिरकं दिसतं ते पाचवीचं पुढचं टोक नसतं, वरच्या कुठल्यातरी बरगडीचं असतं. एकच बरगडी बोटाने मागून पुढे शेवटपर्यंत धरून आणायची. पेशंटने दम नीट धरला असेल तर श्वासाच्या पडद्याच्या (डायफ्रामच्या) वर मागून मोजल्या तर साधारण १० दिसतात, पुढून मोजल्या तर ६.

आणि हो, मधूनच एखाद्याला १२ च्या वर निघते. मानेच्या सातव्या मणक्यालाच एक बरगडी फुटलेली, सर्व्हायकल रिब. शंभर-दोनशे माणसांत एखाद्याला असेल. पुष्कळांना आयुष्यभर पत्ताच नसतो, काहींच्या हाताला मुंग्या येतात म्हणून फिल्म काढली जाते नि ती सापडते.

नानासर_अमळनेर:
याला जोडून एक. जिवंत माणसावर बरगड्या पहिलीपासून मोजायला जाऊ नका. पहिली कॉलरबोनखाली दडलेली, हाताला धड लागत नाही. स्टर्नमवर वरून बोट खाली आणा, एक आडवा उंचवटा लागतो, तो स्टर्नल अँगल. त्याच्या दोन्ही बाजूंना जी कूर्चा भेटते ती दुसरीची. तिथून खाली मोजत जायचं. खालून वर मोजणं धोक्याचं. बारावी आखूड असली तर पाठीच्या स्नायूंखाली बुडून जाते, मग अकरावीलाच बारावी समजलं जातं. मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेत एवढ्याशा चुकीने फुप्फुसाचं आवरण उघडलं जाऊ शकतं.

वैद्य_शहादा:
ताई बीएएमएसची आहे म्हणून लिहितो, नाहीतर नानांनी सगळं सांगितलंच आहे. तोंडीत हमखास येतं: चरक ३६० अस्थी सांगतात, सुश्रुत ३००, मग बरगड्यांचं काय? चरकांनी २४ पर्शुका म्हणजे बरगड्या, तितकीच स्थालकं आणि तितकीच स्थालकार्बुदं धरली आहेत, बेरीज ७२. सुश्रुतांनी एका पार्श्वात, म्हणजे कुशीत, ३६, दुसऱ्यात ३६. बेरीज पुन्हा ७२. म्हणजे बरगड्यांवर दोघांचं एकमत. स्थालक म्हणजे टेकायची खोबण आणि अर्बुद म्हणजे उंचवटा असा अर्थ लावतात, म्हणजे नाना म्हणतात ते फॅसेट आणि ट्यूबर्कल त्यांनी वेगळे मोजले. आपण आज १२ जोड्या, म्हणजे २४ म्हणतो, त्याच्या हे तिप्पट, चूक नव्हे, मोजायची पद्धत वेगळी. आणि सुश्रुतांच्या हाडांच्या पाच प्रकारांत बरगड्या वलय, म्हणजे वाकलेल्या, अस्थींत जातात. हे विसरलीस तर बाकी सगळं येऊनही मार्क कापतील.

आणखी एक, मला स्वतःला आवडणारं. सुश्रुतांची शव बघायची रीत आठव. मुंज गवत वगैरेत गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, नदीच्या पाण्यात सात रात्री, मग कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर बघायचा. सात रात्रींत कूर्चा कुठे जातेय! त्यांच्यापुढे बरगडी होती ती कूर्चेसकट. तरुण अस्थी म्हणून कूर्चेला त्यांनी हाडांतच जागा दिली, त्यात मला काही विचित्र वाटत नाही.

शेवभाजी_प्रेमी:
मी उगाच आलो आणि आता स्वतःच्या बरगड्या चाचपत बसलोय. बायको विचारतेय दुखतंय का.

चोपडा_ते_धुळे:
सगळ्यांचे आभार. आज सुतळी लावून मोजलं. दुसरी, दहावी आणि शेवटच्या वेगळ्या झाल्या. मधल्या सहांपैकी चारींचे फॅसेट फुगीर, दोनचे सपाट, म्हणजे चार तिसरी ते सहावीतल्या आणि दोन त्यांच्या खालच्या, बरोबर ना सर? पण त्या चारींत दोन अशा आहेत की त्यांचं ट्यूबर्कल ते अँगल अंतर सारखंच येतंय. एक पाचवी आणि एक सहावी असणार, पण कुठली कुठली? तोंडीत तीच हातात आली तर?

नानासर_अमळनेर:
बरोबर. आणि त्या दोघींवरून झोप घालवू नकोस. वेगवेगळ्या माणसांच्या असतील तर दोन्ही पाचव्या असू शकतात. सुटी टिपिकल बरगडी देऊन नेमका नंबर परीक्षकालाही सांगता येत नाही, तो मागे पेन्सिलने लिहिलेला असतो. हातात घे, बाजू सांग, हेडचे दोन फॅसेट दाखव, ट्यूबर्कलचा फुगीर फॅसेट दाखव आणि म्हण: "डावी, टिपिकल, वरच्या गटातली, तिसरी ते सहावीपैकी." खरी की खोटी विचारलं तर "सातवीच्या वरची आहे म्हणून खरी, पण हे मी नंबरावरून सांगतेय, हाडावर कूर्चा नाही." एवढं बोलून थांब. पुढचा प्रश्न तो ग्रूव्हवर विचारेल.